यादी करताना गाणं ऐका, जन्मतारीख नको

प्रति,
इंग्लंडातल्या रेडिओ स्टेशनांवर दर आठवड्याला कुठलं गाणं किती वेळा वाजणार ते ठरवणारी सगळी मंडळी, आणि खास करून बीबीसीच्या रेडिओ वनची

सप्रेम नमस्कार,

हेच पत्र तुम्हाला इंग्रजीत पण पाठवलंय, छोटं आणि फॉर्मल. पण मनातलं सगळं बोलायचं तर मला मराठीच लागते, आणि इथल्या-तिथल्या मराठी लोकांनी पण हे वाचावं असं फार वाटतंय, म्हणून हे असं सगळ्यांसमोर ठेवतेय.

विषय आहे ऑस्ट्रेलियन पॉप गायिका कायली मिनोगचं 'पदम पदम' (पदम म्हणजे काळजाची धडधड), जे तुम्ही सुरुवातीला वाजवलंच नाहीत. गाणं 2023 चं आहे हे मला माहितीय, मग आत्ता का, तर ते पुढे सांगते.

तेव्हा मे महिना होता, शनिवारची संध्याकाळ, मी ओट्याशी कणीक मळत होते आणि लेक, तेव्हा पंधरा वर्षांची, समोर टेबलावर पाय वर घेऊन फोनमध्ये. आणि त्या फोनमधनं एकच तुकडा, पुन्हा पुन्हा, पदम, मग गॅप, मग पदम. मी म्हटलं काय लावलंयस, पूर्ण तरी लाव. तिने लावलं. जेमतेम पावणेतीन मिनिटांचं गाणं आहे, खाली बेस असा चालतो की छातीवर कोणी आतून बोटाने टकटक करतंय. दुसऱ्यांदा पदम आलं तेव्हा कणकेतला माझा हात थांबला, म्हटलं हा आवाज मी ओळखते. लेक म्हणाली, कोणीतरी कायली मिनोग आहे. कोणीतरी! मी पीठ भरल्या हातांनी तिला सांगत बसले की अगं 2001 साली आम्ही नोकरी करणाऱ्या सहा मुली पुण्यात हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये चॅनल व्ही लावून हिची वाट बघत बसायचो, ते पांढरे कपडे, डोक्यावर ते टोपीसारखं, आणि 'कॅन्ट गेट यू आउट ऑफ माय हेड'मधलं ते ला ला ला, जे एकदा कानात शिरलं की दोन दिवस जायचं नाही. तेव्हा कायली 33 ची आणि मी 24 ची होते, आणि घरून दर रविवारी फोन यायचा की आता वय निघून चाललंय. मला आठवतंय, मी टीव्हीकडे बघून विचार करायचे की हिला कोण सांगत असेल वय निघून चाललंय म्हणून.

तर सांगणारे तुम्ही होतात, हे मला बावीस वर्षांनी कळलं.

कारण पुढचे काही दिवस लेकीला सकाळी शाळेत सोडताना गाडीत तुमचंच स्टेशन असायचं, ते तिचं स्टेशन, गाडीत बसली की पहिलं तेच लावणार. तिच्या वर्गात अर्धी पोरं पदम पदम करत फिरत होती, टिकटॉकवर तेच, आणि तुमच्याकडे ते गाणं येईचना. रेडिओ टू वर यायचं, ते मोठ्या वयाच्यांचं. म्हणजे माझ्या स्टेशनवर. लेकीनेच एकदा विचारलं, मम्मा, हे आमच्या स्टेशनवर का नाही लावत? मला उत्तर माहीत होतं पण पंधरा वर्षांच्या मुलीला ते सांगायला जीभ रेटेना. काय सांगू, की बाई 55 ची होतेय म्हणून? नंतर लोकांनी ओरडा केला, पेपरात आलं, गाणं चार्टवर चढत चाललं (शेवटी आठव्या नंबरला पोचलं), आणि मग तुम्ही ते घेतलंत. घेतलंत त्याचं बरं वाटलं, खोटं नाही बोलत. पण सगळं गाव जेवून उठल्यावर पान वाढायचं, त्याला काय अर्थ आहे.

आता तुमची बाजू. ती मला कळते, मी उगाच भांडत नाहीये. तुमचं स्टेशन 15 ते 29 वयाच्या लोकांसाठी आहे, तसं ठरवूनच दिलंय, बीबीसीच्या बाकीच्या स्टेशनांची वाटणी पण तशीच आहे. दर आठवड्याला तुमची मीटिंग होते, ए लिस्ट बी लिस्ट सी लिस्ट ठरते, म्हणजे ए मधलं सगळ्यात जास्त वेळा वाजणार, गाणी ढीगभर आणि जागा मोजक्या, नव्या पोरांना संधी मिळायला हवी हे मलाही पटतं. आणि हे तुम्ही फक्त बायकांनाच केलंत असंही नाही, 1996 मध्ये स्टेटस क्वो हा बँड तुम्ही आमचं गाणं वाजवत नाही म्हणून थेट कोर्टात गेला होता आणि हरला होता. 2015 ला मॅडोनाचं 'लिव्हिंग फॉर लव्ह' यादीत आलं नाही तेव्हा ती 56 ची होती आणि तेव्हाही हाच ओरडा झाला होता. म्हणजे ही तुमची जुनी पद्धत आहे.

पण माझं म्हणणं नीट ऐका. ऐकणारा 15 ते 29 चा असला पाहिजे, हे ठीक आहे. गाणारा पण त्याच वयाचा दिसला पाहिजे, हे कुठे लिहिलंय? 'पदम पदम' कोणी उचललं? पोरांनी उचललं, क्लबमध्ये, फोनवर, शाळेच्या बसमध्ये. ज्यांच्यासाठी तुम्ही यादी करता त्यांनी गाणं आधीच निवडलं होतं आणि तुम्ही त्यांच्या वतीने नको म्हणत होता.

आणि मला आत कुठेतरी वाटतं की नुसता वयाचा प्रश्न नव्हता. 55 व्या वर्षी तिने एखादं संथ, पियानोवरचं, आयुष्याकडे मागे वळून बघणारं गाणं केलं असतं तर सगळ्यांनी कौतुक केलं असतं, किती ग्रेसफुल वगैरे. तिने तसं नाही केलं. तिने लाल कपडे घातले आणि अशा बाईचं गाणं गायलं जिला समोरच्याच्या छातीतली धडधड लांबूनच ऐकू येते, त्याला काय हवंय ते तिला त्याच्या आधी कळतं, रात्री काय होणार तेही माहितीय, आणि ती लाजत नाही की कोणाला स्पष्टीकरण देत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात आलेल्या 'टेन्शन' अल्बमचं शीर्षकगीत तर याच्या पुढे दोन पावलं आहे, ते मी लेकीसमोर मोठ्याने लावत नाही, खरंच सांगते, एकटी गाडीत असले की लावते. इच्छा असलेली पंचावन्नची बाई, ही गोष्ट लोकांना झेपत नाही. विशीतली चालते, तिच्यावर कॅमेरा फिरवायला सगळे तयार असतात.

आणि विशीत तरी तिला कुठे सुखाने करू दिलं होतं? इथे मला जरा मागे जाऊ द्या, कारण तुमच्यातले बरेचजण तेव्हा जन्मलेही नसतील.

'नेबर्स' नावाच्या मालिकेत ती गॅरेजमध्ये काम करणारी शार्लीन होती, तिचं त्यातलं लग्न 1988 च्या नोव्हेंबरात इंग्लंडात जवळजवळ दोन कोटी लोकांनी टीव्हीवर बघितलं. त्याच्या वर्षभर आधी ती लंडनला स्टॉक, एटकन, वॉटरमन या हिट गाणी बनवणाऱ्या त्रिकूटाकडे गाणं करायला आली तर ती येणार आहे हेच ते विसरले होते, ती बाहेर बसून राहिली आणि त्यांनी आत चाळीस एक मिनिटांत 'आय शुड बी सो लकी' लिहून काढलं. ते पाच आठवडे एक नंबरला राहिलं. एवढं होऊन पण पेपरवाले तिला काय म्हणायचे, तर गाणारा बजरीगर, म्हणजे पिंजऱ्यातला तो छोटा पोपट. आणि खरंच तिची अवस्था तशीच होती. गाणी त्यांची, सूर त्यांचे, कपडे त्यांना चालतील असे, ही येणार आणि गाऊन जाणार.

मग 1990. 'बेटर द डेव्हिल यू नो' आलं आणि बाईचं सगळं बदललं, कपडे, नजर, चाल, अंग कसं वळवायचं ते, सगळं. तेव्हा ती इनएक्सेस या रॉक बँडच्या गायकाबरोबर, मायकेल हचन्सबरोबर होती आणि सगळ्यांनी लगेच ठरवून टाकलं की त्यानेच तिला बिघडवलं. मला या वाक्याचा भयंकर संताप येतो. मुलगी गप्प होती तोवर चांगली, बदलली की कोणत्यातरी पुरुषाने बदलवली, तिचं तिला काही सुचलंच नसेल. त्याच वर्षीच्या 'रिदम ऑफ लव्ह' अल्बममध्ये तिचं नाव पहिल्यांदा गाणी लिहिणाऱ्यांत आलंय, हे कोणी बघत नाही, व्हिडिओत किती अंग दिसतंय ते बघतात. मला विचाराल तर दोन्ही एकच गोष्ट आहे. ज्या दिवशी तिने कपडे स्वतः निवडले त्याच दिवशी तिने पेन पण हातात घेतलं.

आणि हे फुकट नाही मिळालं. आधीचे दोन्ही अल्बम इंग्लंडात एक नंबरला गेले होते, हा नवव्या नंबरला अडकला, त्याच्या पुढचा पंधराव्या. म्हणजे बोल्ड होणं हा खपायचा सोपा रस्ता असतो असं जे आपण म्हणतो ना, की गाणं चालत नसलं की कपडे कमी करतात, ते निदान हिच्या बाबतीत तरी साफ चूक आहे. तिचं सगळं उत्तम चाललेलं होतं तेव्हा तिने ते केलं आणि तोटा सोसला. मग ती वॉटरमनची कंपनी सोडून डीकन्स्ट्रक्शन नावाच्या डान्स म्युझिकवाल्या छोट्या कंपनीकडे गेली, 1994 ला 'कन्फाइड इन मी' केलं, ते ऐकाच, व्हायोलिनसारखं काहीतरी वळसे घेत येतं आणि खाली ढोलाचा ठेका, अंगावर काटा येतो.

2000 साली 'स्पिनिंग अराउंड'. सोनेरी छोटी चड्डी, जुन्या बाजारात 50 पेन्सला घेतलेली, आता ती मेलबर्नच्या आर्ट्स सेंटरच्या संग्रहात आहे. गाणं एक नंबरला गेलं आणि छापून आलं सगळं त्या चड्डीबद्दल. असो.

पण 2003 च्या 'स्लो'वर मी थांबणार आहे, कारण डान्स म्युझिकमध्ये धीटपणा म्हणजे काय ते मला त्या गाण्यात कळलं. 'कॅन्ट गेट यू'सारखं हिट दिल्यावर कोणीही तसंच अजून एक केलं असतं, वेगवान, मोठं. तिने सगळं काढून टाकलं. गाण्यात जवळजवळ काही नाहीये, एक गुरगुरणारा बेस, मधेच टिचकी मारल्यासारखा आवाज, आणि ती जवळजवळ कुजबुजते, घाई नको म्हणते. तिनेही ते लिहिण्यात हात घातलाय, डॅन केरी आणि एमिलियाना टोरीनीबरोबर. व्हिडिओ बार्सिलोनाच्या डोंगरावरच्या पोहण्याच्या तलावाकाठी, ती नुसती टॉवेलवर पडलीय. एवढं कमी करून एवढं गरम वाटणं याला हिंमत लागते आणि कान लागतो. ते पण एक नंबरला गेलं. माझं तेच सगळ्यात आवडतं आहे, भांडायला या.

मग 2005 च्या मे महिन्यात ब्रेस्ट कॅन्सर निघाला, वय 36, चालू टूर थांबवली. तिची बातमी आल्यावर ऑस्ट्रेलियात तपासणीसाठी नाव नोंदवणाऱ्या बायका एकदम वाढल्या, दोन आठवड्यांत 40 टक्के, त्यावर डॉक्टरांनी पेपर लिहिलाय. 2006 च्या नोव्हेंबरात ती सिडनीत परत स्टेजवर उभी राहिली, पिसं लावून. ज्या शरीराबद्दल आयुष्यभर लोक बोलले, जे शरीर तिला असं दगा देऊन गेलं, तेच घेऊन ती परत नाचायला आली. त्यानंतर तिने अंग झाकून बसावं असं कोणाला वाटत असेल तर मला त्या माणसाशी बोलायचंच नाही.

(आपल्याकडे पण ती येऊन गेलीय बरं का, 2009 ला 'ब्लू' सिनेमात रहमानच्या गाण्यावर नाचली, 'चिगी विगी'. सिनेमा आपटला, गाणं लग्नांत वाजलं.)

आता आत्ता का लिहितेय ते. इथल्या एका मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता, नाव घेत नाही. आम्ही पाचजणी, सगळ्या चाळिशीच्या पुढच्या, एक तर 58 ची, दर गुरुवारी एका चर्चच्या हॉलमध्ये भेटतो आणि नाचतो, कोणी शिकवत नाही, स्पीकर लावतो आणि नाचतो. आम्ही ठरवलं पदम पदम करू, लाल साड्या नेसून, नऊवारी काष्ट्यावर. सहा आठवडे तालीम केली. 58 वाल्या ताईंचा गुडघा दुखतो, त्या खाली बसायच्या स्टेपला नुसती मान वळवायच्या आणि खरं सांगते, आमच्या सगळ्यांच्या स्टेपपेक्षा ती मान भारी दिसायची. कमिटीकडून निरोप आला, गाणं जरा बोल्ड आहे, तुमच्या वयाला शोभेल असं काही पारंपरिक घ्या, आणि हे गाणं मुलींच्या ग्रुपला देऊया का? आमची स्टेप, आमची तालीम, ती सोळा वर्षांच्या मुलींनी करायची म्हणजे मग ते बोल्ड नाही. ताई काही बोलल्या नाहीत. साडी घडी करून पिशवीत ठेवली, पिशवीची गाठ मारली, आणि त्या गुरुवारी आल्याच नाहीत.

घरी येताना गाडीत मला तुम्ही आठवलात. तेच वाक्य होतं हो ते. कमिटीने मराठीत सांगितलं, तुम्ही यादी करून सांगितलं होतंत.

आणि पारंपरिक म्हणजे काय हे मला कोणीतरी सांगा. पारंपरिक तर लावणी आहे. सुलोचनाबाई चव्हाण डोक्यावरचा पदर ढळू न देता असं काही गायच्या की समोर बसलेल्यांना घाम फुटायचा, आणि त्या पार म्हातारपणापर्यंत गायल्या. माझी आई देवाला फुलं वाहताना त्यांची लावणी गुणगुणायची आणि कोणाला काही वाटायचं नाही. आशाताईंनी 2024 च्या डिसेंबरात दुबईला, वयाच्या 91 व्या वर्षी, पांढऱ्या साडीत, पोरांमध्ये गाजत असलेलं 'तौबा तौबा' गायलं आणि त्याची ती स्टेप पण करून दाखवली, त्याच मंडळाच्या ग्रुपवर तो व्हिडिओ चाळीस जणांनी फॉरवर्ड केला, टाळ्यांचे, हात जोडलेले इमोजी टाकून. 91 ला चालतं कारण तेव्हा ती आजी झालेली असते, गोड असते. 55 ला नाही चालत कारण 55 ची बाई अजून खरोखरची बाई असते, तिच्या मनात अजून काहीतरी चालू असू शकतं. अडचण तिथे आहे आणि ती तुमची पण आहे.

2025 ला मी लेकीला घेऊन लंडनच्या ओटू एरिनात तिची 'टेन्शन' टूर बघायला गेले होते. माझ्या डावीकडे विशीतली दोन पोरं, अंगावर चमकी लावून आलेली, उजवीकडे सत्तरीतल्या एक बाई, नवऱ्याबरोबर. पदम पदम सुरू झालं तेव्हा त्या बाईंनी पर्स नवऱ्याच्या हातात दिली, पायातल्या चपला काढून खुर्चीखाली सरकवल्या आणि उभ्या राहिल्या. ती पोरं आणि त्या बाई, सगळ्यांना प्रत्येक पदम कुठे पडतो ते पाठ होतं. माझी लेक माझ्याकडे न बघता माझा हात धरून नाचत होती. या चौघांपैकी तुमचा श्रोता कोण आणि कोण नाही, हे मला तिथे उभं राहून काही सांगता आलं नसतं.

2024 च्या फेब्रुवारीत ग्रॅमीवाल्यांनी पॉप डान्स रेकॉर्डिंगचा नवा पुरस्कार सुरू केला आणि तो पहिलावहिला पुरस्कार याच गाण्याला दिला. तिचा आधीचा ग्रॅमी बरोबर वीस वर्षांपूर्वीचा, तोही डान्ससाठीच. त्या लोकांच्या आवडीनिवडीबद्दल माझ्या बऱ्याच तक्रारी आहेत पण निदान त्यांनी गाणं ऐकलं.

माझं मागणं मोठं नाहीये. कायलीला जुनी-जाणती म्हणून कोटा द्या असं मी म्हणत नाही, तिला दया नकोय आणि तिची वाईट गाणी पण आहेत, ती नका लावू. फक्त तुमच्या मीटिंगमध्ये एक करून बघा, महिन्यातून एकदा तरी, गाणी नाव न सांगता लावा. फोटो नाही, वय नाही, फॉलोअर किती ते नाही, नुसता आवाज आणि ठेका. हवं तर समोर दहावीतली वीस मुलं बसवा आणि त्यांचे पाय बघा, कुठल्या गाण्याला हलतात. जे हलवेल ते ए लिस्टमध्ये, मग गाणारी 19 ची असो की 60 ची.

आणि ज्या गाण्याला नाही म्हणायचं असेल त्याचं कारण लिहून ठेवा. ते कारण गाणाऱ्या बाईला तोंडावर सांगता येईल असं असावं, तिच्या डोळ्यात बघून.

मंडळाच्या कमिटीला पण मी हे पत्र पाठवतेय. पुढच्या दिवाळीला आमचा अर्ज पुन्हा येणार, गाणं तेच, साड्या त्याच. काल ताईंना फोन केला, म्हटलं गुरुवारी या. म्हणाल्या गुडघ्याला पट्टा घेतलाय नवीन, बघते. मागे कुकरची शिट्टी झाली आणि तेवढ्यात मला ऐकू आलं, त्या हळूच गुणगुणत होत्या.

कळावे,
रोज सकाळी सात वाजता गाडीत तुमचं स्टेशन लावणारी एक मराठी आई